रक्षकाच्या पाठीवरची शिवण

सुईताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून कमी होत गेली. आधी वडील गेले. मग नवऱ्याने दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटला. उरले ते सगळे तिला सुईताईच म्हणायचे, कारण दोरा ओवलेली एक सुई तिच्या कॉलरला कायम टोचलेली असायची. मुलगी लहान होती तेव्हा कडेवर यायच्या आधी बजावायची, "आई, आधी सुई काढ."

वडील ताडपत्र्या शिवायचे. ट्रकवर टाकायच्या, दुकानांपुढे ताणून बांधायच्या, जाडजूड, डांबराच्या वासाच्या ताडपत्र्या. त्यांच्याकडूनच ती दाभण धरायला शिकली. तळहाताला चामड्याची पट्टी बांधायची, दाभण टोचायचा, पट्टीने रेटायचा, दोऱ्याला मेण लावून खेचायचा. वडील म्हणायचे, "ताडपत्री फाटली तर वाऱ्याचा दोष. शिवण उसवली तर माझा." त्यांची शिवण उसवल्याचं कुणी कधी ऐकलं नाही. तिचीही नाही.

पण ताडपत्र्यांवर घर चालेना, म्हणून लग्नानंतर ती तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात लागली. दुकान वर, काचेच्या दिव्यांत. ती खाली तळघरात. कोटांच्या बाह्या आखूड करायच्या, पँटच्या कमरा सैल करायच्या. शहरात कुणाकुणाची पोटं सुटली हे डॉक्टरांच्या आधी आपल्याला कळतं, असं ती हसून सांगायची. नवरा गेला तेव्हाही ती तिथेच होती. त्या दिवशीसुद्धा तिने हातातली कंबर पुरी केली आणि मगच रडली. पुढे दुकानच बंद पडलं, आणि मुलगी ऐन दहावीत असताना सुईताई घरी बसली.

तेव्हा टीव्हीवर एक नवीन मालिका येऊ घातली होती. दूरच्या भविष्यातली. जमिनीवर राहण्याजोगं काही उरलेलं नाही, माणसं खोल भुयारांत शहरं करून राहतायत, वर जायला बंदी आहे, अशी काहीतरी गोष्ट. शूटिंगसाठी मालिकेवाल्यांनी शहराबाहेरचं एक बंद पडलेलं शीतगृह घेतलं होतं. जाड भिंती, खिडकी एकही नाही. बर्फ करायची यंत्रं कधीच काढून नेलेली होती, आणि आत दिवे लागले की तीच खोली भाजून काढायची.

मालिकेचे कपडे करणाऱ्या डिझायनरबाई रबराचा लेप दिलेलं जाड कापड घेऊन शहरभर शिंपी शोधत होत्या. त्या कापडावर मशिनच्या सुया काडीसारख्या मोडत. कुणीतरी त्यांना सुईताईचा पत्ता दिला. त्या आल्या, पलंगावर कापड टाकलं आणि म्हणाल्या, "हे शिवता येईल?"

सुईताईने माळ्यावरून वडिलांचा दाभण काढला. चहा उकळेपर्यंत एक बाजू शिवून दिली. बाईंनी दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, पाय देऊन ताणून पाहिलं, आणि म्हणाल्या, "उद्यापासून या."

डिझायनरबाई वाईट नव्हत्या, हे सुईताई पुढेही सांगत राहिली. कामाने झपाटलेल्या होत्या. त्यांचा एक नियम होता: गुंडी नको, चेन नको, हूक दिसता कामा नये.

"तीनशे वर्षांनंतरची माणसं चेन लावत बसणार आहेत का, ताई?"

"मग कपडे काढणार कसे?"

"ते प्रेक्षकांनी विचारायचं नसतं."

दोघी हसल्या. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मालिका लागली आणि लोक अक्षरशः वेडे झाले. गोष्टीपेक्षा कपड्यांनी. त्यातली ती एका बाजूने कानापर्यंत उभी कॉलर आठवत असेल अनेकांना. लोक म्हणायचे, ती कॉलर म्हणजे भुयारातल्या माणसाचं एका कानाने ऐकणं, सत्तेपुढे अर्धवट झाकलेलं तोंड, आणि काय काय. खरी गोष्ट साधी होती. रबराच्या कापडाने नायिकेच्या मानेवर उजव्या बाजूला पुरळ उठलं होतं. ते झाकायला सुईताईने त्या बाजूला मऊ अस्तर घालून कॉलर वर चढवली. डिझायनरबाईंनी पाहिली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "सगळ्यांनाच अशी करा."

सहा महिन्यांत ती कॉलर रस्त्यावर आली. बँकेतल्या बाया, कॉलेजची पोरं, न्हाव्याच्या दुकानातला माणूस. मान वळवता यायची नाही, त्यामुळे बसमध्ये कुणी हाक मारली तर लोक अख्खे वळायचे. मुलगी त्या दिवसांत हवेत होती. तिच्या वर्गातल्या मुली बाजारातली कॉलर घालायच्या आणि हिची आईने घरी शिवलेली, खऱ्या कापडाची. ती मैत्रिणींना मुद्दाम घरी घेऊन यायची, आणि सुईताई स्वयंपाकघरातून ऐकायची, "माझ्या आईनेच काढलीय ही फॅशन." नवरा सोडून गेलेल्या बाईची मुलगी म्हणून जिने खाली मान घातली होती, तिची मान आता खरोखरच खाली जात नव्हती.

मालिकेत एक रक्षक होता. भुयाराच्या दारावर उभा राहणारा, अर्धा माणूस अर्धं यंत्र. बोलत नाही, डोळे मिटत नाही. डोक्यापासून पायापर्यंत कवच. फोमच्या जाड थरावर तेच रबरी कापड, त्यावर खवले. त्याच्या आत होता शिडीराव.

शिडीराव म्हणजे एका गोदामातला हमाल. इतका उंच की वरच्या फळीवरचं खोकं काढायला त्याला शिडी लागत नसे. तिथेच त्याचं बारसं झालं होतं. मालिकेवाल्यांना उंची हवी होती, बाकी काही नको होतं. चेहरा दिसणार नव्हता, आवाज दुसऱ्याचा होता. शिडीरावला त्याचं वाईट वाटायचं नाही. घरी बायको आणि म्हातारी आई. आई टीव्हीसमोर बसून प्रत्येक वेळी विचारायची, "यातला तू कोणता?" आणि हा सांगायचा, "तो दारातला." आई म्हणायची, "तुला कधी आत घेणार ते?"

सुरुवातीला कवचाला पाठीवर चेन होती, वरून खवल्यांची पट्टी. पण रक्षक वळला की पट्टी फाकायची. एकदा दिग्दर्शकाने चालू शूटिंग थांबवून पडद्यावर बोट ठेवलं. "ही काय आहे? ही रेघ?"

"चेन आहे ती," कुणीतरी म्हणालं.

"तीनशे वर्षांनंतर चेन?" तो डिझायनरबाईंकडे वळून म्हणाला. त्यांचंच वाक्य त्यांच्यावर उलटलं.

बाईंचा चेहरा उतरला. त्या सुईताईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चेन काढून टाका. घातल्यावर शिवा."

"अंगावर?"

"एका प्रसंगापुरतं."

सुईताईने शिवलं. शिडीराव स्टुलावर बसला, ती मागे उभी राहिली. आतून पातळ गादीचा तुकडा धरून, त्याला टोचणार नाही अशा बेताने, कमरेपासून मानेपर्यंत. पडद्यावर पाठ अखंड दिसली. दिग्दर्शक खूश झाला. मग एका प्रसंगापुरतं ते दुसऱ्या प्रसंगापुरतं झालं, आणि पुढे रोज सकाळी शिवायचं आणि दुपारच्या सुट्टीत उसवायचं, पुन्हा शिवायचं आणि संध्याकाळी उसवायचं, हा रिवाजच पडला.

पहिले काही दिवस तिने कच्चा धावदोरा घातला होता. पण रक्षकाने हात वर केला की तो तटतट तुटायचा. शूटिंग थांबायचं, सगळे तिच्याकडे बघायचे. "ताई, नीट शिवा ना," कुणी ना कुणी म्हणायचं. मग तिने मेणाचा दोरा घेतला आणि वडिलांची उलटी टीप घातली. ती तुटली नाही. त्यानंतर तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

एक गोष्ट तिने स्वतःहून केली. मुखवटा चढवला की आतला आवाज बाहेर येत नसे, आणि हातावरच्या जाड कवचामुळे तो स्वतःला काढताही येत नसे, म्हणून दोघांनी एक खूण ठरवली. जीव गुदमरला की शिडीरावने मांडीवर दोन बोटं आपटायची. ती कॅमेऱ्याच्या मागे खाली बसायची, मांडीवर कात्री घेऊन. ते कापड साध्या कात्रीने कापलं जायचं नाही. तिची कात्री ताडपत्रीची होती, वडिलांची. दोनतीनदा त्याने बोटं आपटली, दोनतीनदा तिने धावत जाऊन मानेपासून खाली सरकन कापलं. दिग्दर्शक चडफडला, पण काही बोलला नाही. शिडीराव बाहेर तोंड काढून माशासारखा श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "ताई, तुम्ही माझं दार."

"दार कसलं, उंदराचा सापळा आहे हा," ती म्हणायची.

शिवताना तो बोलत असायचा. तोंड पलीकडे, पाठ हिच्याकडे. गोदामातल्या गमती, बायकोचं आजारपण, रस्त्यात मुलांनी घातलेले रक्षकाचे मुखवटे. "मुलं माझ्यासमोर माझाच मुखवटा घालून मला घाबरवतात," तो सांगायचा आणि त्याची पाठ हसण्याने हलायची. "हलू नका, टोचेल," ती म्हणायची. असं वर्षभर चाललं. कुणाची पाठ वर्षभर रोज पाहिली की चेहऱ्यापेक्षा ती जास्त ओळखीची होते. खांदे कशाने पडलेत, रात्री झोप झाली की नाही, सगळं तिला पाठीवरून कळायचं.

त्या उन्हाळ्यात एका कपड्याच्या कंपनीने मालिकेतले कपडे बाजारात आणायचं ठरवलं. त्यांच्या जाहिरातीचे फोटो शीतगृहाच्या मागच्या शेडमध्ये काढायचे होते. नेमकं त्याच दिवशी आत भट्टीचा प्रसंग होता. भुयाराच्या तळाशी पेटलेली भट्टी आणि तिच्यासमोर निश्चल उभा रक्षक. खरी आग नव्हती, पण ती खरी वाटावी म्हणून नेहमीच्या दुप्पट दिवे लावले होते. पंखे बंद, कारण आवाज येतो.

दुपारच्या सुट्टीनंतर सुईताईने शिडीरावला पुन्हा शिवलं. पाठ ओलीचिंब होती. ती कॅमेऱ्यामागे बसली आणि तेवढ्यात डिझायनरबाई आल्या.

"ताई, मागे चला. कॉलर बसत नाहीये. कंपनीची माणसं उभी आहेत."

"याचं होऊ द्या, मग येते."

"पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्याशिवाय कुणाला जमतंय का ते?"

सुईताईने दुय्यम दिग्दर्शकाला गाठलं. त्याच्या कानात सदा ते बोलायचं यंत्र असायचं. "हे बघा, त्याने मांडीवर दोन बोटं आपटली की मला बोलवा. लगेच. मी मागच्या शेडमध्ये आहे."

"हो हो, ताई," तो म्हणाला. तो तिच्याशी बोलत होता की कानातल्या आवाजाशी, हे तिला कधीच कळलं नाही.

आणि ती गेली. कात्री तिच्याबरोबरच गेली, कारण कॉलरसुद्धा त्याच कापडाची होती.

शेडमध्ये एक कॉलर बसवून झाली. मग दुसऱ्या मुलीची. मग फोटोवाला म्हणाला, सगळ्यांच्या कॉलरी सारख्या उंचीच्या हव्यात. ती टाचण्या तोंडात धरून एकेकीच्या मानेशी वाकत होती. मध्येच "मी जरा बघून येते" म्हणाली, तर तोंडातल्या टाचण्यांमुळे कुणाला ते कळलं नाही, आणि तिनेही पुन्हा म्हटलं नाही.

आत काय झालं ते तिला नंतर तिथल्या माणसांनी सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या परीने, पण गोष्ट एकच होती. रक्षकाने मांडीवर दोन बोटं आपटली. थोड्या वेळाने पुन्हा आपटली. मग अख्खा पंजा आपटायला लागला. दिग्दर्शक पडद्याकडे बघत पुटपुटला, "हे छान करतोय. चालू ठेवा." रक्षक दाराच्या दिशेने चालू लागला, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "जागेवर जा!" आणि शिडीराव जागेवर परत गेला. आयुष्यभर सांगितलं तिथे जाऊन उभा राहिलेला माणूस. मग तो गुडघ्यांवर बसला. रक्षक अख्ख्या मालिकेत कधी वाकला नव्हता. दिव्यांच्या लाल झोतात ते दृश्य असं दिसलं म्हणे की सगळे श्वास रोखून बघत राहिले. तो आडवा झाला तरी कॅमेरा चालू होता.

मग गोंधळ झाला. मुखवटा ओढून काढला, पण मानेखाली काही उघडेना. तिघांनी मिळून शिवण ओढली. कुणी चाकू आणला, तो रबरावर घसरत होता. तेव्हा एकजण सुईताईला बोलवायला धावला.

ती पोचली तेव्हा लोक गोल करून उभे होते. तिने त्याला पालथा केला, मानेशी कात्री घातली आणि कमरेपर्यंत कापत नेली. तीन माणसांनी ओढूनही शिवण जागची हलली नव्हती. आतून वाफ आली. पाठ कोरडी होती. घामाचा थेंब नव्हता, आणि हात लावला तर तव्यासारखी तापलेली. तिने आपली ओढणी पाण्यात भिजवून भिजवून त्याच्या पाठीला लावली, गाडी येईपर्यंत लावत राहिली. गाडीत तो होता. हॉस्पिटलच्या दारात तो नव्हता.

मालिका काही दिवस थांबली. टीव्हीवर काळ्या पाटीवर त्याचं खरं नाव आलं, पहिल्यांदा. शीतगृहाच्या फाटकाशी लोकांनी फुलं ठेवली, आणि फुलांच्या मध्ये रक्षकाचे मुखवटे. त्या महिन्यात मुखवटे जितके विकले गेले तितके आधी कधी गेले नव्हते.

चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या आठवड्यात मालिकेचा मॅनेजर सुईताईच्या घरी आला. बूट बाहेर काढले, पाणी प्यायला, घराचं कौतुक केलं. मग म्हणाला, "ताई, ती शिवण कच्चीच होती ना?"

"पक्की होती."

"आठवून बघा. सुरुवातीला तुम्ही धावदोराच घालायचात. सगळ्यांनी पाहिलंय."

"सुरुवातीला. नंतर पक्की."

मॅनेजरने सुस्कारा सोडला. "मी तुमच्याच भल्याचं सांगतोय. कच्ची असेल तर त्याला हात ताणून आतून सहज मोकळं होता आलं असतं. तो झाला नाही, तो त्याचा निर्णय. चांगलं काम करायच्या नादात राहिला बिचारा. असं झालं तर दोष कुणाचाच नाही. पक्की असेल तर दोष कुणाचा? दाभण कुणाच्या हातात होता?"

सुईताईने त्याचा रिकामा पेला उचलून घेतला.

"आणि पुढच्या भागांसाठी कपड्यांचा स्वतंत्र विभाग काढतोय आम्ही. त्याची प्रमुख कोण असावी असं बाईंना विचारलं, तर त्यांनी तुमचंच नाव घेतलं."

तो गेल्यावर मुलगी आतल्या खोलीतून आली. सगळं ऐकलं होतं तिने.

"आई, कच्ची होती म्हण ना."

"नव्हती गं."

"कुणाला कळणार आहे? तू कापलीस ना ती शिवण. राहिलंय काय तिचं?"

"त्याच्या बायकोला काय सांगतील मग? तुझा नवरा हट्टाने मेला?"

"तो परत येणार आहे का?" मुलगी ओरडली. "तुला आत टाकतील, मग माझं काय? बाबा गेले, आता तू जा!"

सुईताईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. मुलगी मागे सरकली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

चौकशी एका साध्या सरकारी खोलीत झाली. टेबलामागे एक अधिकारी, थकल्यासारखा, सभ्य. समोरच्या रांगेत दिग्दर्शक, मॅनेजर, डिझायनरबाई आणि त्यांचे वकील. शेवटच्या खुर्चीवर शिडीरावची बायको, मांडीवर पिशवी घट्ट धरून. सुईताईने तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"शिवण कच्ची होती की पक्की?" अधिकाऱ्याने विचारलं.

"पक्की."

मॅनेजरने डोळे मिटले.

"म्हणजे आतून उघडणं त्यांना शक्य नव्हतं?"

"नाही. तीन माणसांना बाहेरून नाही उघडली."

"अशी शिवण घाला असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिने डिझायनरबाईंकडे पाहिलं. बाई खाली बघत होत्या. "शिवा म्हणाल्या. पक्की शिवा असं नाही म्हणालं कुणी. कच्ची तुटत होती, सगळ्यांचा खोळंबा होत होता, म्हणून मी पक्की केली."

"त्यात धोका आहे हे तुम्हाला कळत होतं?"

"कळत होतं. म्हणून तर कात्री घेऊन बसायचे."

"मग नकार का दिला नाहीत?"

तिने कॉलरची सुई चाचपली.

"पहिल्या दिवशी दिला असता तर दिला असता, साहेब," ती म्हणाली. "नंतर ते कामच झालं."

मग तिने खुणेचं सांगितलं, दुय्यम दिग्दर्शकाला बजावल्याचं सांगितलं. त्याने शपथेवर सांगितलं की असं काही त्याला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. कदाचित त्याला खरंच आठवत नसेल.

निकालात लिहिलं गेलं की मृत्यूला मृत व्यक्ती जबाबदार नाही. त्यामुळे शिडीरावच्या बायकोला आणि आईला नुकसानभरपाई मिळाली. सुईताई खोटं बोलली असती तर ती मिळाली नसती. आणि पुढच्याच ओळीत लिहिलं गेलं की अप्रशिक्षित कारागिराने, वरिष्ठांची स्पष्ट सूचना नसताना, धोकादायक पद्धत वापरली. दिग्दर्शकाला समज. मालिकेच्या कंपनीला दंड. गुन्हा दाखल झाला तो सुईताईच्या एकटीवर. न्यायाधीशांनी तिचं वय आणि खरं बोलणं लक्षात घेऊन तुरुंगाची शिक्षा स्थगित ठेवली, पण गुन्हेगार हे नाव लागायचं ते लागलं. वर्तमानपत्राने फोटोखाली छापलं, "रक्षकाला कोंडणारी."

मालिका पुन्हा सुरू झाली. तो भट्टीचा प्रसंग वापरायचा की नाही यावर वाद झाला म्हणतात. शेवटी गुडघ्यांवर बसण्यापर्यंतचा भाग दाखवला, श्रद्धांजली म्हणून. त्या वर्षीचं वेशभूषेचं बक्षीस डिझायनरबाईंना मिळालं. भाषणात त्यांचा आवाज भरून आला, त्यांनी शिडीरावचं नाव घेतलं. सुईताईचं घेतलं नाही. एकदा त्या तिच्या गल्लीत आल्याही होत्या. शेजारणीने त्यांना कोपऱ्यावर गाडीत बराच वेळ बसलेलं पाहिलं. मग गाडी वळून निघून गेली.

मुलीचे हाल झाले. ज्या मैत्रिणींना तिने आईचं कौतुक सांगितलं होतं त्याच आता तिच्या पाठीवर बोटांनी टाके घालायच्या आणि हसायच्या. तिने कॉलर चुलीत घातली. रबर जळाल्याचा वास घरातून आठवडाभर गेला नाही. मग एक दिवस ती म्हणाली, "मी मामाकडे राहते." मामाने येऊन तिचं सामान नेलं. बहिणीशी तो चांगलं बोलला, पण थांब म्हणून कुणीच कुणाला म्हटलं नाही. मुलगी सुट्टीच्या दिवशी यायची, भांडी घासून जायची, फार बोलायची नाही. तिकडेच शिकली, तिकडेच नोकरीला लागली.

शिवणकामाला सुईताईला कुणी बोलवेना. शेवटी तिला एका हॉस्पिटलच्या धोबीघरात काम मिळालं. मोठी मशिनं, वाफ, पांढऱ्या चादरींचे ढीग. डाग गेलेत का बघायचं, घड्या घालायच्या, फाटलं तर बाजूला काढायचं. वाफेच्या झोताशी उभं राहायला तिला जमायचं नाही. मुकादमबाईला तिने कारण सांगितलं नाही, पण मुकादमबाई शहाणी होती. तिने तिला दाराजवळच्या टेबलाशी बसवलं.

तिथे एकदा शिडीरावची बायको आली. सासूला त्याच हॉस्पिटलात ठेवलं होतं आणि कुणाकडून तरी तिला कळलं होतं की ती बाई इथे खाली असते. दारात उभी राहिली. सुईताईने ओळखलं आणि हातातली चादर तशीच राहिली.

"बसा," सुईताई म्हणाली.

"बसायला नाही आले." बायकोने इकडेतिकडे पाहिलं, मग बसलीच. "एक विचारायचं होतं. शेवटचं तुम्हीच बोललात ना त्यांच्याशी? त्या दुपारी. शिवताना."

"हो."

"काय म्हणाले?"

सुईताईला कळलं की ही बाई काय मागायला आली आहे. ते द्यायला काही लागत नव्हतं. तुमची आठवण काढली, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. तिच्या ओठांवर ते आलंही.

"मोरीतला पाइप गळतोय म्हणाले," ती म्हणाली. "सकाळी पाय घसरला म्हणे त्यावरून. सुट्टीच्या दिवशी बदलायचाय, पण कुठला पाइप आणायचा ते कळत नाही म्हणाले. मी म्हटलं, जुन्याचा तुकडा कापून दुकानात दाखवा. हां, असं करतो, म्हणाले. मग मी मुखवटा चढवला."

"माझ्याबद्दल काही?"

"नाही."

बायकोने घरघरणाऱ्या मशिनकडे पाहिलं. म्हणाली, "तो पाइप मी प्लंबरकडून बदलून घेतला. नंतर." मग पिशवी उचलली. "त्या शिवणीचं तुम्ही खरं सांगितलंत. त्यामुळे आमचं घर चाललं. पण तुम्हाला माफ केलं असं मला म्हणता येत नाही. मनातल्या मनात म्हणून बघितलं मी, मघाशी दारात उभी राहून. येत नाही."

"नका म्हणू," सुईताई म्हणाली.

ती गेली. वरच्या मजल्यावर सासूपाशी बसायची तिची वेळ झाली असावी. पलीकडून मुकादमबाईने विचारलं, "ओळखीच्या का?" सुईताईने मान हलवली, पण त्यातून हो की नाही ते मुकादमबाईला कळलं नाही. तोवर नव्या चादरींची गाडी दारात येऊन उभी राहिली होती.